बिलावरचे बॅरल आणि टाकीतले तेल: कच्चे तेल व नैसर्गिक वायू विक्रीसाठी कसे मोजतात

कच्च्या तेलाच्या व्यवहारात ज्या बॅरलचे पैसे मोजले जातात, ते बॅरल कोणत्याही टाकीत, जहाजात किंवा नळवाहिनीत जसेच्या तसे सहसा सापडत नाही. टाकीत असते ते उन्हाने तापलेले, थोडे पाणी आणि गाळ मिसळलेले तेल. बिलावर येतो तो ठरलेल्या तापमानाला आणलेला, पाणी आणि गाळ वजा केलेला, हिशोबाने काढलेला आकडा. नैसर्गिक वायूच्या बाबतीत तर आकारमानही मागे पडते आणि अखेरीस विकली जाते ती त्या वायूतील उष्णता. मोजलेला आकडा आणि विकलेला आकडा यांमधील हा प्रवास नीट समजला, तर या धंद्यातील मापनाची एरवी किचकट वाटणारी व्यवस्था बरीचशी उलगडते.

बॅरल हे माप अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे. 1859 मध्ये टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले आणि त्यानंतर मिळेल त्या लाकडी पिंपांतून तेल विकले जाऊ लागले. पिंपांचा आकार एकसारखा नसल्यामुळे वाद होत, म्हणून 1866 मध्ये तेथील उत्पादकांनी विक्री गॅलनवर करण्याचे आणि दर 40 गॅलनमागे 2 गॅलन खरेदीदाराला सूट म्हणून देण्याचे ठरवले. 1872 मध्ये उत्पादकांच्या संघटनेने 42 गॅलनचे बॅरल अधिकृतपणे स्वीकारले आणि तेच, म्हणजे सुमारे 158.987 लिटरचे माप, आजही जगभर चालते. लाकडी पिंपे केव्हाच गेली. उरले ते केवळ हिशोबाचे एकक.

तेल मोजण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही टिकून असलेली पद्धत म्हणजे टाकीतील पातळी मोजणे. टाकी वापरात आणण्यापूर्वी तिचे काटेकोर मोजमाप करून एक तक्ता तयार केला जातो, ज्यावरून कोणत्या पातळीला किती आकारमान आहे हे वाचता येते. टाकी म्हणजे निव्वळ दंडगोल असे मानून चालत नाही, कारण तेलाच्या भाराने तिच्या भिंती किंचित बाहेर फुगतात, तळ कोठे उंच तर कोठे खोल असतो आणि आतील खांब व नळ्याही जागा व्यापतात. पातळी मोजण्यासाठी टोकाला ओळंबा लावलेली पोलादी पट्टी वरच्या झरोक्यातून आत सोडतात. ओळंबा तळाला टेकवून तेलाची उंची वाचणे ही एक रीत, आणि वरच्या ठरावीक खुणेपासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतची रिकामी जागा मोजणे ही दुसरी. तळाशी साचलेले मोकळे पाणी ओळखण्यासाठी पट्टीला एक विशिष्ट लेप लावतात. पाण्याचा स्पर्श झाला की त्याचा रंग बदलतो आणि पाण्याची उंची वेगळी वाचता येते.

हे सगळे जुन्या वळणाचे वाटते खरे, पण त्यातील अचूकतेची गरज थोडी आकडेमोड केली की लक्षात येते. 60 मीटर व्यासाच्या टाकीत केवळ 1 मिलिमीटर उंचीचे तेल म्हणजे सुमारे 2,830 लिटर, अर्थात जवळजवळ 18 बॅरल. पट्टी तिरकी गेली, तळाशी गाळाचा थर असल्यामुळे ओळंबा वरच अडकला, किंवा टाकी भरून पुरेसा वेळ न थांबता, पृष्ठभाग हलता असतानाच वाचन घेतले, तर चूक सहज काही मिलिमीटरची होते. टाकीचे छत तेलावर तरंगणारे असेल, तर त्या छताच्या वजनामुळे बाजूला सारलेले तेलही हिशोबात घ्यावे लागते. आता अनेक ठिकाणी छताला बसवलेले रडार पातळी सांगते, तरी त्याची पडताळणी करायला माणूस पट्टी घेऊनच वर चढतो.

पातळीवरून मिळालेले आकारमान मात्र त्या क्षणाचे आणि त्या तापमानाचे असते. तेल तापले की फुगते, थंड झाले की आकसते. मध्यम प्रतीच्या कच्च्या तेलाचे आकारमान दर अंश सेल्सिअसमागे साधारण 0.085 टक्क्याने बदलते. आकडा लहान दिसतो. पण टाकीत 35 अंशांना 10,00,000 बॅरल तेल असेल, तर तेच तेल 15 अंशांना सुमारे 9,83,000 बॅरल भरते. तेलाचा एक थेंबही कमी झालेला नसताना 17,000 बॅरल हिशोबातून गेलेली असतात. भरताना उष्ण आणि उतरवताना थंड असलेल्या मालाचे पैसे दोघांनी आपापल्या आकड्यांवर मागितले, तर कोणताही व्यवहार मिटणार नाही. म्हणून आकारमान एका संदर्भ तापमानाला आणले जाते. अमेरिकेत ते 60 अंश फॅरेनहाइट आहे, इतर बऱ्याच ठिकाणी 15 अंश सेल्सिअस. या दोहोंत अर्ध्या अंशाहून थोडाच अधिक फरक असला, तरी दहा लाख बॅरलवर तो साडेचारशेहून अधिक बॅरलचा होतो, आणि म्हणूनच करारात कोणते तापमान धरायचे हे स्पष्ट लिहिलेले असते.

तेल किती फुगेल हे त्याच्या घनतेवर अवलंबून असते, त्यामुळे घनता मोजल्याशिवाय हे रूपांतर होत नाही. तेलाच्या जगात घनता सांगण्याची एक खास मोजपट्टी आहे, एपीआय अंशांची: 141.5 ला तेलाच्या सापेक्ष घनतेने, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनतेने, भागायचे आणि त्यातून 131.5 वजा करायचे. पाणी या पट्टीवर 10 अंशांना येते, आणि तेल जितके हलके तितके अंश अधिक, 0.85 सापेक्ष घनतेचे तेल सुमारे 35 अंशांचे ठरते. 141.5 हा विचित्र आकडा कोठून आला, याचे उत्तर मजेशीर आहे. जुन्या बोमे पट्टीत 140 हा आकडा होता, पण अमेरिकेत बनलेले तरंगमापी, म्हणजे द्रवात तरंगत ठेवून घनता वाचण्याची साधने, चुकून 141.5 धरून अंशांकित झाले आणि सगळीकडे पसरले. 1921 पर्यंत ते इतके रुळले होते की अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने चूक दुरुस्त करण्याऐवजी तिलाच मानक केले. मला यात मापनशास्त्राचा व्यवहारी स्वभाव दिसतो: सर्वांनी एकच पट्टी वापरणे हे पट्टी निर्दोष असण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

घनतेचा आणखी एक उपयोग वजनासाठी होतो. काही देशांत तेलाची आकडेवारी टनांत ठेवतात आणि एका टनात किती बॅरल, हे तेलागणिक बदलते. 0.85 घनतेच्या तेलाचा टन सुमारे 7.4 बॅरलचा, तर 0.92 घनतेच्या जड तेलाचा सुमारे 6.8 बॅरलचा. सर्रास वापरला जाणारा 7.33 हा आकडा केवळ सरासरी आहे. त्यावर एखाद्या विशिष्ट मालाचे बिल काढणे धोक्याचे.

यानंतर येते पाणी. तळाचे मोकळे पाणी वेगळे मोजले, तरी तेलात बारीक थेंबांच्या रूपात पाणी आणि गाळ अडकलेला असतोच. त्याचे प्रमाण नमुना घेऊन प्रयोगशाळेत काढतात. नमुना वेगाने फिरवून पाणी आणि गाळ तळाशी जमवणे ही एक पद्धत. ऊर्ध्वपातनाने पाणी बाहेर काढून मोजणे ही दुसरी. आणि अगदी अल्प प्रमाणासाठी कार्ल फिशर यांच्या नावाने ओळखले जाणारे रासायनिक अनुमापन. वरच्या उदाहरणातील तेलात 0.4 टक्के पाणी व गाळ निघाला, तर 9,83,000 बॅरलचे सुमारे 9,79,000 बॅरल उरतात. हेच ते निव्वळ प्रमाणित आकारमान, ज्याला भावाने गुणायचे. टाकीतील दहा लाखांपासून सुरू झालेला आकडा असा दोन पायऱ्यांत सुमारे 21,000 बॅरलने खाली येतो. या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा पट्टी किंवा थर्मामीटर नसून नमुना आहे, असे माझे मत आहे. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे खाली बसते आणि संथ वाहणाऱ्या नळीत तळाशी वाहते. अशा वेळी वरच्या थरातून घेतलेला नमुना उत्तम प्रयोगशाळेत तपासला तरी चुकीचेच उत्तर देणार. म्हणून नळवाहिनीवरील स्वयंचलित नमुनायंत्राच्या आधी तेल नीट घुसळले जाईल अशी रचना करतात आणि प्रवाहाच्या प्रमाणात थोडे थोडे तेल एका बंद भांड्यात जमा करतात.

नळवाहिनीतून सतत वाहणारे तेल टाकीत साठवून मोजणे नेहमी शक्य नसते, तेथे मीटर येतात. जुन्या धाटणीचे मीटर तेलाचे ठरावीक घास करून ते मोजतात. टर्बाइन मीटरमध्ये प्रवाहाने पाते फिरते आणि त्याच्या फेऱ्या मोजल्या जातात. अल्ट्रासॉनिक मीटर ध्वनिलहरीला प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जायला लागणाऱ्या वेळेतील फरकावरून वेग काढतो. कोरिओलिस मीटरमध्ये कंप पावणाऱ्या नळीला प्रवाहामुळे पडणाऱ्या पिळावरून थेट वस्तुमान कळते आणि घनताही मिळते. कोणता मीटर निवडायचा हे तेलाची दाटी, प्रवाह आणि खर्च यांवर ठरते.

मीटर चांगला असला, तरी त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याची परीक्षा घेण्यासाठी प्रूव्हर नावाचे साधन जोडलेले असते, आणि ही मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत देखणी कल्पना वाटते. प्रूव्हर म्हणजे आतून गुळगुळीत केलेली वळणदार नळी. तिच्यात नळीच्या व्यासापेक्षा किंचित मोठा, दाबून बसणारा लवचिक गोळा असतो. मीटरमधून जाणारे तेलच या नळीत वळवले की ते गोळ्याला पुढे ढकलते. गोळा पहिल्या संवेदकाजवळून जाताच मीटरचे स्पंद, म्हणजे ठरावीक तेल गेले की मीटर देतो ते संकेत, मोजायला सुरुवात होते आणि दुसऱ्या संवेदकाजवळ थांबते. दोन संवेदकांमधील आकारमान आधीपासून अचूक ठाऊक असते, त्यामुळे मीटरने दाखवलेले आणि प्रत्यक्ष गेलेले तेल यांची तुलना होते आणि त्यातून एक गुणक निघतो, उदाहरणार्थ 1.0008. पुढच्या परीक्षेपर्यंत मीटरच्या प्रत्येक आकड्याला या गुणकाने गुणतात. एकच फेरी पुरत नाही. सलग पाच फेऱ्यांचे निकाल एकमेकांपासून 0.05 टक्क्याच्या आत यावेत, ही प्रचलित कसोटी आहे. प्रूव्हरचे स्वतःचे आकारमान पुन्हा पाणी भरून, प्रमाणित भांड्यांच्या साहाय्याने तपासतात आणि त्या भांड्यांची पडताळणी राष्ट्रीय मानकांपर्यंत पोहोचलेली असते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे कारण चुकांच्या स्वरूपात आहे. काही चुका कधी इकडे, कधी तिकडे झुकतात आणि हजारो मोजमापांत एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. काही चुका मात्र नेहमी एकाच बाजूला झुकतात आणि त्या साचत जातात. दिवसाला 5,00,000 बॅरल वाहणाऱ्या नळवाहिनीवर मीटर केवळ 0.1 टक्का कमी दाखवत असेल, तर रोज 500 बॅरल आणि वर्षाला 1,82,500 बॅरल विक्रेत्याच्या हातून फुकट जातात. तक्रार करायला कोणी पुढे येईलच असे नाही, कारण ज्याचा फायदा होत असतो त्याला चूक दिसतच नाही.

जहाजावरचा माल मोजताना गुंता वाढतो. जहाजाच्या टाक्यांचेही तक्ते असतात, पण जहाज पुढे-मागे किंवा एका बाजूला कललेले असले की पातळीचे वाचन दुरुस्त करावे लागते. माल भरण्यापूर्वी टाक्यांत आधीच असलेले तेल आणि उतरवल्यानंतर तळाशी चिकटून राहिलेले तेल वेगळे नोंदवावे लागते. जहाजाचे आकडे आणि किनाऱ्यावरच्या टाकीचे किंवा मीटरचे आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात. म्हणून प्रत्येक जहाजाच्या मागील अनेक फेऱ्यांवरून ते किनाऱ्याच्या तुलनेत सरासरी किती जास्त किंवा कमी दाखवते याचा गुणक काढतात आणि त्याने नव्या आकड्याची पारख करतात. बहुतेक वेळा बिलासाठी किनाऱ्याचा आकडा धरला जातो आणि जहाजाचा आकडा साक्षीदार म्हणून राहतो. एका मोठ्या तेलवाहू जहाजात सुमारे 20,00,000 बॅरल मावतात. बॅरलचा भाव 70 डॉलर धरला, तर 0.1 टक्का फरक म्हणजे 1,40,000 डॉलर. दोन्ही बाजूंना मान्य असलेला त्रयस्थ निरीक्षक नेमण्याचा खर्च या रकमेपुढे किरकोळच ठरतो.

आता वायूकडे वळू. तेलाच्या आकारमानावर दाबाचा परिणाम थोडा, वायूच्या आकारमानावर तो सर्वस्वी. नळवाहिनीत 70 बार दाबाखाली असलेला एक घनमीटर वायू वातावरणाच्या दाबाला आणला, तर बॉइलच्या साध्या नियमाप्रमाणे तो सुमारे 69 घनमीटर व्हायला हवा. प्रत्यक्षात 15 अंशांच्या आसपास तो जवळजवळ 80 घनमीटर भरतो. याचे कारण असे की एवढ्या दाबाला रेणू एकमेकांना ओढून घेतात आणि आदर्श नियम सांगतो त्यापेक्षा अधिक वायू त्याच जागेत मावतो. या विचलनाला संपीड्यता गुणक म्हणतात आणि तो वायूच्या घटकांवरून, दाबावरून आणि तापमानावरून संगणकाने काढला जातो. तो विसरला, तर विक्रेता दर घनमीटरमागे तेरा-चौदा टक्के वायू मोफत देऊन मोकळा होईल. ‘प्रमाणित घनमीटर’ किंवा ‘प्रमाणित घनफूट’ असे लिहिलेले आढळते, तेव्हा ते कोणत्या तापमानाचे आणि दाबाचे, हे विचारायलाच हवे. काही ठिकाणी 0 अंश, काही ठिकाणी 15 अंश सेल्सिअस, अमेरिकेत 60 अंश फॅरेनहाइट, आणि दाबाचा आकडाही सर्वत्र एकच नसतो.

वायूचा प्रवाह मोजण्याचे जुने आणि अजूनही सर्वत्र दिसणारे साधन म्हणजे ऑरिफिस प्लेट, म्हणजे मधोमध गोल छिद्र पाडलेली धातूची चकती. वायू छिद्रातून जाताना वेग घेतो आणि चकतीच्या अलीकडे व पलीकडे दाबात फरक पडतो. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. प्रवाह एक दशांशावर आला, की दाबातील फरक एक शतांशावर घसरतो आणि तो मोजणे अवघड होते, म्हणून प्रवाहाची मर्यादा ओलांडली की चकती बदलावी लागते किंवा शेजारची दुसरी नळी उघडावी लागते. छिद्राची कड धारदार असणे अत्यावश्यक आहे. ती बोथट झाली, की वायू अधिक सहजतेने निसटतो, दाबातील फरक कमी पडतो आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. चकती उलटी बसवली गेली, तर ही चूक आणखी ठळक होते, आणि हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. चकतीच्या आधी पुरेशी सरळ नळी हवी, कारण वळणावरून गरगरत आलेला प्रवाह मोजणीचे गृहीतकच मोडतो. मोठ्या नळवाहिन्यांवर आता अल्ट्रासॉनिक मीटर अधिक वापरले जातात; त्यांच्यात अडथळा नसल्यामुळे दाब वाया जात नाही.

तरीही दोन ठिकाणचा एक घनमीटर वायू सारख्याच किमतीचा नसतो. शुद्ध मिथेनचा प्रमाणित घनमीटर जळाला की सुमारे 37.7 मेगाज्यूल उष्णता देतो, इथेनचा सुमारे 66 आणि प्रोपेनचा सुमारे 94. नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड काहीच देत नाहीत. खरेदीदाराला बॉयलर तापवायचा असतो किंवा वीज तयार करायची असते, त्यामुळे तो पैसे उष्णतेचे देतो. म्हणून मीटरशेजारी गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र दर काही मिनिटांनी वायूचे घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण सांगते, त्यावरून उष्मांकमूल्य निघते, आणि प्रमाणित आकारमानाला त्याने गुणले की ऊर्जा मिळते. येथे एक अट पाहायला हवी. मिथेन जळताना तयार होणारी पाण्याची वाफ थंड होऊन द्रव झाली असे मानून तिची उष्णता धरली, तर ते स्थूल उष्मांकमूल्य. ती सोडून दिली तर निव्वळ. दोहोंत सुमारे 10 टक्के अंतर आहे. एकाच वायूचा भाव दोन करारांत वेगळा दिसला, तर फरक भावात आहे की व्याख्येत, हे आधी तपासावे.

ऊर्जेची एककेही बाजारागणिक वेगळी आहेत. अमेरिकेतील हेन्री हब येथील भाव दर एमएमबीटीयूला, म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट उष्णतेला, डॉलरमध्ये सांगतात, ब्रिटनमध्ये थर्म या उष्णतेच्या एककाला पेन्स, तर नेदरलँड्समधील टीटीएफ बाजारात मेगावॉट-तासाला युरो. एमएमबीटीयूतील दोन ‘एम’ म्हणजे रोमन पद्धतीचे हजार गुणिले हजार, अर्थात दहा लाख. एकटा ‘एम’ आला तर तो फक्त हजार, आणि ‘मेगा’ म्हणून वाचला तर हिशोब हजारपट चुकतो. एक मेगावॉट-तास म्हणजे सुमारे 3.41 एमएमबीटीयू, एवढे ध्यानात ठेवले की बाजारांची तुलना करता येते.

द्रवरूप नैसर्गिक वायूत तेल आणि वायू या दोन्हींच्या पद्धती एकत्र येतात. उणे 162 अंशांच्या आसपास वायू द्रव होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट घटते. जहाजाच्या टाकीतील पातळी मोजून आकारमान, घटकांवरून घनता आणि उष्मांकमूल्य काढतात आणि तिघांचा गुणाकार करतात. माल उतरवताना रिकाम्या होणाऱ्या जागेत किनाऱ्यावरून वायू परत पाठवला जातो, म्हणून त्या परतलेल्या वायूची ऊर्जा वजा करतात. 1,70,000 घनमीटर द्रवात साधारण 40 लाख एमएमबीटीयू ऊर्जा असते.

एवढे करूनही मापनात अनिश्चितता उरतेच आणि ती मान्य करूनच व्यवहार होतो. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील उत्पादनासाठी सरकारी मार्गदर्शनात द्रवाला साधारण 0.25 टक्का आणि वायूला 1 टक्का इतकी अनिश्चितता अपेक्षिली जाते. वायूचा आकडा चौपट सैल असण्याची कारणे वर आलीच आहेत. करारांमध्ये म्हणूनच मीटर किती दिवसांनी तपासायचा, दुसरी बाजू तपासणीला हजर राहू शकेल का, दोष आढळला तर किती मागच्या तारखेपर्यंतची बिले दुरुस्त करायची, आणि दोष कधी सुरू झाला हे समजले नाही तर कोणता कालावधी धरायचा, हे सगळे आधीच लिहून ठेवतात. प्रत्येक नमुन्याचा एक भाग दोन्ही बाजूंच्या समक्ष मोहोरबंद करून ठरावीक काळ जपून ठेवला जातो. तक्रार आली की तो उघडतात आणि दोघांनी आधीच मान्य केलेल्या तिसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवतात. तेथून येणारा आकडा, तो कोणाला आवडो वा न आवडो, बिलावर चढतो.